मणक्यांतील सरकलेली गादी शस्त्रक्रियेवांचून बरी होते काय ?

शेतीचा धंदा हा हातांइतकाच कमरेचा धंदा आहे. भाताची लावणी, खुरपणी, ऊसतोडणी, कडबा रचणें, धान्याचीं पोतीं गाडींत भरणें, सकाळ-संध्याकाळ धारा काढणें, ह्यांपैकीं एकहि काम पाठ वाकविल्यावांचून होत नाहीं. आणि जेथें बैलांच्या मागें चालण्याचें काम कमी झालें, तेथें ट्रॅक्टरवर बसून तासचे तास हादरे सोसण्याचें काम वाढलें आहे. अशा स्थितींत कमरेचें दुखणें शेतकऱ्याच्या घरीं वारंवार यावें ह्यांत नवल नाहीं. आमच्या वडीलधाऱ्या मंडळींस हें दुखणें उसण, चमक, लचक ह्या नांवांनीं ठाऊक होतें. हल्लीं मणक्याचें चित्र काढण्याची सोय पुष्कळ ठिकाणीं झाल्यामुळें ‘गादी सरकली’ हा शब्द खेड्यापाड्यांत ऐकूं येतो, आणि त्याच्या पाठोपाठ ‘आतां शस्त्रक्रियेखेरीज गत्यंतर नाहीं’ ही समजूतहि येते.

ह्या समजुतीचे परिणाम दोन, आणि दोन्ही वाईट. कांहीं कुटुंबें घाबरून जाऊन, दुखणें सुरू होऊन पंधरा दिवस झाले नाहींत तोंच, दागिने मोडून किंवा जमीन गहाण टाकून शस्त्रक्रियेची तयारी करतात. दुसरीं कांहीं तिच्या नुसत्या नांवानें भिऊन दवाखान्याची पायरीच चढत नाहींत. आणि ज्या थोड्या रोग्यांस ती खरोखर ताबडतोब हवी असते, त्यांचा पाय किंवा लघवीवरील ताबा कायमचा जातो. म्हणून ह्या दुखण्याचें खरें स्वरूप काय, तें आपोआप बरें होतें तें कसें, आणि कोणत्या वेळीं वाट पाहणें घातक ठरतें, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे.

कण्याची रचना

आपला कणा म्हणजे एकावर एक रचलेल्या मणक्यांची उतरंड होय. दोन मणक्यांची हाडें एकमेकांवर घांसूं नयेत म्हणून त्यांच्यामध्यें एकेक लवचिक गादी बसविलेली असते. मानेपासून माकडहाडाच्या वरपर्यंत अशा २३ गाद्या आहेत. प्रत्येक गादीचे भाग दोन : बाहेर चिवट तंतूंच्या अनेक पदरांचें कडें, आणि आंत ताडगोळ्यासारखा मऊ, पाणीदार गर. तरुणपणीं ह्या गराचा सुमारे ८० टक्के भाग पाणीच असतो. वय वाढेल तसतसें तें पाणी कमी होतें आणि कड्यास बारीक चिरा पडूं लागतात. गादीच्या आंतल्या भागास रक्तवाहिन्या नाहींत. वरखालच्या मणक्यांतून जें पोषण पाझरून येईल त्यावरच तिचा निर्वाह चालतो.

गाद्यांच्या मागच्या बाजूस मज्जारज्जूची नळी आहे. ह्या नळींतून निघणाऱ्या शिरा दोन्ही बाजूंनीं बाहेर पडून पायांत उतरतात. कमरेंत मणके पांच असून सर्वांत अधिक भार खालच्या दोन गाद्यांवर येतो. म्हणून कमरेंतील सरकलेल्या गाद्यांपैकीं १०० मध्यें ९० हून अधिक ह्या दोन ठिकाणींच आढळतात.

सरकते ती गादी कीं गर ?

‘गादी सरकली’ हा शब्दप्रयोग रूढ असला तरी तो बरोबर नाहीं. सबंध गादी कोठेंहि घसरत नाहीं, आणि म्हणून ती हातानें दाबून ‘बसवितां’हि येत नाहीं. होतें तें इतकेंच कीं, कड्यास पडलेल्या चिरेंतून आंतला गर मागच्या बाजूस ढकलला जातो. त्याचे प्रकार चार. पहिल्यांत सबंध कडें थोडें फुगतें. दुसऱ्यांत एका जागीं फुगवटा येतो, पण कडें फुटत नाहीं. तिसऱ्यांत कडें फुटून गर बाहेर डोकावतो. आणि चौथ्यांत गराचा तुकडा सुटून नळींत अलग पडतो. हा गर शेजारच्या शिरेवर दाब आणतो, आणि त्याबरोबरच त्यांतील द्रव्यांनीं त्या शिरेस दाहहि होतो. त्यामुळें कमरेपेक्षां पायांतच कळ अधिक येते. ती कुल्ल्यांतून मांडीच्या मागच्या अंगानें पोटरी व पाऊल येथपर्यंत उतरते. खोकल्यानें, शिंकेनें व बसल्यानें वाढते. चरकसंहितेंत गृध्रसी नांवाच्या ज्या वातविकाराचें वर्णन आहे, तें ह्या लक्षणांशीं पुष्कळ जुळतें. डॉक्टर ह्यास सायटिका म्हणतात.

ह्या दुखण्याचा आणि फुटलेल्या गादीचा संबंध वैद्यकशास्त्रांत सर्वमान्य झाला तो १९३४ सालीं. अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं मिक्स्टर व बार ह्या दोघां शस्त्रवैद्यांनीं आपला निबंध त्या वर्षीं प्रसिद्ध केला, आणि बाहेर आलेला गर काढून टाकल्यास रोग्याची कळ थांबते असें दाखविलें. तेव्हांपासून ही शस्त्रक्रिया जगभर पसरली. कारण सांपडलें, तें काढून टाकलें, रोगी बरा झाला, हा विचार इतका सरळ होता कीं, गर न काढल्यास त्याचें पुढें काय होतें हें पाहण्याचें पुष्कळ काळ कोणाच्या मनांत आलें नाहीं. पुढें कण्याच्या आंतील चित्रें काढणारीं यंत्रें निघालीं, एकाच रोग्याचीं चित्रें कांहीं महिन्यांच्या अंतरानें घेतां येऊं लागलीं, आणि एक आश्चर्य दिसून आलें : पहिल्या चित्रांत स्पष्ट दिसणारा गर दुसऱ्या चित्रांत लहान झालेला असे, आणि कित्येकदां तो मुळींच दिसत नसे.

बाहेर आलेला गर जिरतो कसा ?

शेतकऱ्यास ही क्रिया समजण्यास अवघड नाहीं. काडीकचरा पोत्यांत कोंडून कोरडा ठेवला तर तो वर्षभर तसाच राहतो; तोच उकिरड्यांत ओल्या मातीशीं मिसळला कीं त्यांतले जीवजंतु त्याचा फडशा पाडतात. गराचेंहि असेंच आहे. तो कड्याच्या आंत असेपर्यंत रक्ताशीं त्याचा संबंध येत नाहीं. कडें फोडून तो बाहेर आला म्हणजे शरीर त्यास परका समजतें. त्याच्या भोंवतीं नवीन बारीक रक्तवाहिन्या फुटतात, त्यांतून भक्षक पेशी येतात आणि गराचे कण गिळून टाकतात. कांहीं द्रव्यें त्यास विरघळवितात. त्यांतील पाणीहि आटतें आणि तो सुकून आकसतो.

ह्यावरून एक उलटा वाटणारा नियम निघतो. गर जितका अधिक बाहेर आला असेल, तितका तो जिरण्याचा संभव अधिक. २०१५ सालीं तैवानमधील वैद्यांनीं तोंवर प्रसिद्ध झालेल्या अनेक निरीक्षणांची एकत्र छाननी केली. तींत अलग पडलेले तुकडे १०० पैकीं ९६ रोग्यांत आपोआप लहान झाले किंवा नाहींसे झाले. कडें फोडून बाहेर डोकावणारा गर १०० पैकीं ७० रोग्यांत, एका जागचा फुगवटा ४१ रोग्यांत, आणि सबंध कड्याची फुगोटी अवघ्या १३ रोग्यांत कमी झाली. तेव्हां ‘फार मोठा तुकडा बाहेर आला आहे’ एवढें ऐकूनच धीर सोडण्याचें कारण नाहीं. उलटपक्षीं, ज्यांचा फुगवटा लहान आहे त्यांनींहि निराश होऊं नये. कारण शिरेचा दाह ओसरला म्हणजे फुगवटा तसाच राहूनहि कळ थांबूं शकते.

शस्त्रक्रिया केलेले आणि न केलेले

परंतु चित्रांतला गर नाहींसा झाला म्हणजे रोगी कामास लागला असें होत नाहीं. खरा प्रश्न हा कीं, शस्त्रक्रिया करून घेतलेले आणि न घेतलेले ह्यांत पुढें फरक काय पडतो ? आपण नवें बियाणें जुन्याशेजारीं एकाच वावरांत पेरून दोहोंचें उत्पन्न मोजतों. तसाच प्रयोग वैद्यांनीं केला आहे.

पहिला नामांकित प्रयोग नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथें हेन्रिक वेबर ह्यांनीं करून १९८३ सालीं प्रसिद्ध केला. ज्यांस शस्त्रक्रिया करावी कीं नाहीं ह्याबद्दल निश्चित मत देतां येत नव्हतें, असे १२६ रोगी घेऊन त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडण्यांत आले. एका गटावर शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्यावर नाहीं. एक वर्षानंतर शस्त्रक्रियेचा गट स्पष्टपणें पुढें होता. चार वर्षांनंतर फरक इतका थोडा उरला कीं तो हिशेबांत धरण्याजोगा नव्हता. आणि दहा वर्षांपर्यंत पाहतां दोन्ही गट जवळजवळ सारखे झाले.

दुसरा प्रयोग हॉलंडांतील, २००७ सालीं प्रसिद्ध झालेला. ह्यांत सहा ते बारा आठवडे पायाच्या तीव्र कळेनें हैराण झालेले २८३ रोगी होते. अर्ध्या लोकांस लौकर शस्त्रक्रिया नेमून दिली. उरलेल्यांस धीर धरावयास सांगून, गरज पडल्यास पुढें ती करण्याची मुभा ठेवली. धीर धरणाऱ्यांपैकीं १०० त ३९ जणांस वर्षाच्या आंत शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. म्हणजे ६१ जणांची ती टळली. वर्षअखेर दोन्ही गटांत १०० पैकीं ९५ जण बरे झाल्याचें सांगत होते. फरक पडला तो वेळांत. लौकर शस्त्रक्रिया झालेल्या गटांतील निम्मे लोक सुमारे चार आठवड्यांत बरे झाले; धीर धरणाऱ्या गटास त्याच टप्प्यास पोंचण्यास सुमारे बारा आठवडे लागले.

ह्या लेखाचें सार ह्या शेवटच्या आंकड्यांत आहे. सामान्य रोग्यास शस्त्रक्रियेनें जें विकत मिळतें तें शेवटचें फळ नव्हे, तर वेळ. आणि तो वेळ साधारण दोन महिन्यांचा. दोन महिने ही कांहीं लहान वस्तु नाहीं. वेदना असह्य आहेत, झोंप नाहीं, घरांत दुसरा करता माणूस नाहीं, अशा गृहस्थास ते मोलाचे वाटतील, आणि त्यानें सहा आठवडे वाट पाहून, डॉक्टरांशीं विचार करून शस्त्रक्रिया पत्करली तर त्यास कोणी दोष देऊं नये. मात्र शस्त्रक्रियेनंतरहि कांहीं आठवडे जड कामास मनाई असतेच, आणि १०० पैकीं ५ ते १५ रोग्यांत त्याच जागीं पुन्हां गर बाहेर येतो, हें हिशेबांत धरावें. ज्याच्या कळा उतरणीस लागल्या आहेत त्यानें मात्र दोन महिन्यांसाठीं जमीन गहाण टाकूं नये.

चित्रावर भिस्त नको

१९९४ सालीं अमेरिकेंत एक मार्मिक परीक्षा झाली. ज्यांची पाठ मुळींच दुखत नव्हती अशा ९८ माणसांच्या कमरेचीं एम. आर. आय. चित्रें काढलीं. त्यांत १०० पैकीं अवघ्या ३६ जणांच्या सर्व गाद्या निर्दोष निघाल्या. ५२ जणांत निदान एक गादी फुगलेली होती, आणि २७ जणांत एका जागचा स्पष्ट फुगवटा होता. ह्याचा अर्थ असा कीं, केस पिकावे तशा गाद्याहि झिजतात आणि त्यांतील पुष्कळशा दुखत नाहींत. चित्रांतील दोष, पायांतील कळेची जागा आणि डॉक्टरांनीं हातानें केलेली तपासणी, हीं तिन्ही एकमेकांशीं जुळलीं तरच त्या गादीस दोषी धरावें. नुसत्या चित्रावरून शस्त्रक्रियेस तयार होणें म्हणजे पिकाकडे न पाहतां सातबारा वाचून फवारणी करण्यासारखें आहे.

एक दिवसहि थांबूं नये अशीं लक्षणें

आतांपर्यंत धीराची थोरवी सांगितली. पण खालील लक्षणांत धीर म्हणजे आत्मघात होय.

(१) लघवी तुंबणें, ती झालेली न कळणें, किंवा शौचावरील ताबा जाणें.
(२) गुद, जननेंद्रिय व मांड्यांची आंतली बाजू, म्हणजे खोगिरावर टेकणारा भाग, बधिर होणें.
(३) दोन्ही पायांत एकदम कळा येऊन किंवा त्यांतील शक्ति कमी होऊन पाय लटपटणें.
(४) पाऊल वर उचलतां न येणें, चालतांना चप्पल निसटणें, किंवा पायाची शक्ति दिवसेंदिवस कमी होत जाणें.

पहिल्या तीन लक्षणांत नळीच्या खालच्या टोकाचा शिरांचा सबंध झुबका दाबला गेलेला असण्याचा संभव असतो. अशा वेळीं रोग्यास रात्र असली तरी ताबडतोब मोठ्या रुग्णालयांत न्यावें. २४ ते ४८ तासांच्या आंत दाब काढला नाहीं तर गेलेला ताबा परत न येण्याची भीति असते. चौथें लक्षण दिसल्यास त्याच दिवशीं तज्ज्ञास दाखवावें. ह्याखेरीज पाठदुखीबरोबर ताप, रात्रीं घाम व वजन घटणें हीं चिन्हें असतील, तर तो गादीचा दोष नसून मणक्याचा क्षय असूं शकतो. पडल्यानें किंवा अपघातानें उठलेली कळ, आणि पूर्वीं कर्करोग झालेल्या माणसाची पाठदुखी, ह्यांचीहि तपासणी लौकर झाली पाहिजे.

सहा आठवडे कसें वागावें ?

खांदा सुजलेल्या बैलास शहाणा शेतकरी जुवाला लावीत नाहीं. पण त्यास दोन महिने खुंट्यालाहि बांधून ठेवीत नाहीं, कारण मग त्याचे पाय आंखडतात. कमरेच्या रोग्यानें हाच न्याय लावावा. पूर्वीं ह्या दुखण्यांत आठवडेच्या आठवडे फळीवर निजवून ठेवण्याची चाल होती. १९९९ सालीं हॉलंडांत १८३ रोग्यांवर परीक्षा झाली, तेव्हां दोन आठवडे अंथरुणास खिळून राहिलेल्यांस इतरांहून कांहींच अधिक लाभ झाला नाहीं. म्हणून पहिले दोन-तीन दिवस कळ फार असेल तर पाठीवर निजून गुडघ्यांखालीं उशी घ्यावी, किंवा कुशीवर निजून दोन गुडघ्यांमध्यें ती ठेवावी. त्यानंतर दिवसांतून अनेकदां थोडें थोडें चालावें आणि सोसेल तसें अंतर वाढवावें. एकाच जागीं अर्ध्या तासापेक्षां अधिक बसूं नये. मोटारसायकल व ट्रॅक्टर ह्या काळांत वर्ज्य.

कळ पायांतून वर सरकून कमरेंत गोळा होऊं लागली, तर तें बहुधा सुधारणेचें चिन्ह समजावें. ती खालीं पावलाकडे उतरूं लागली, तर चालूं असलेलें काम किंवा व्यायाम थांबवावा. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानें थोडे दिवस घ्याव्या. दुकानांतून आणून महिनोन्महिने खाल्ल्यास पोटांत व्रण पडतात आणि मूत्रपिंडें बिघडतात. कमरेंतील शिरेजवळ दिलेल्या औषधाच्या सुईनें कांहींजणांस थोडे आठवडे आराम पडतो, पण ती सुई गर विरघळवीत नाहीं. वजनें लावून कंबर ताणण्याच्या उपायाचा विशेष उपयोग परीक्षांत दिसून आलेला नाहीं. कळ ओसरल्यावर पाठीच्या व पोटाच्या स्नायूंचे व्यायाम जाणत्याकडून शिकून चालूं ठेवावे.

आमच्याकडे उसण भरली असतां पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घेण्याची चाल आहे. कोणी पाठीवर मूल चालवितात, कोणी कंबर मोडून घेतात. ह्या उपायांचा लौकिक कां टिकला, हें वरील विवेचनावरून सहज कळेल. जें दुखणें बहुतेकांत सहा ते बारा आठवड्यांत आपोआप उतरतें, त्यावर जो जो उपाय करावा तो तो गुणकारीच भासतो. यश निसर्गाचें आणि नांव लाथेचें. परंतु कडें फुटलेल्या गादीवर बाहेरून आघात झाल्यास उरलेला गर बाहेर पडण्याचा धोका असतो. शेक द्यावा, हलक्या हातानें तेल चोळावें, ह्यास हरकत नाहीं. पाठीस झटका देणारा उपाय मात्र कटाक्षानें टाळावा.

पुन्हां होऊं नये म्हणून

स्वीडनमधील नाकेमसन ह्यांनीं १९६० नंतरच्या दशकांत जिवंत माणसाच्या गादींत सुई घालून तींतील दाब मोजला. निजल्यावर तो सर्वांत कमी भरला. उभें राहण्यापेक्षां बसल्यानें वाढला. आणि पुढें वाकून हातांत वजन धरल्यावर उभ्या स्थितीच्या सुमारे दुप्पट झाला. ह्यावरून पोतें उचलण्याची रीति ठरते : पाय फांकवून गुडघ्यांत वाकावें, ओझें अंगाशीं लावून घ्यावें, आणि उचललेल्या स्थितींत कंबर पिळूं नये, वळावयाचें असल्यास पावलें वळवावीं. भरलेलें मोठें पोतें एकट्यानें उचलण्यांत पुरुषार्थ नाहीं. तें दोघांनीं धरावें, अथवा माल लहान पोत्यांत भरावा.

रात्रीं निजलें असतां गाद्या पाणी शोषून फुगतात; त्यामुळें सकाळीं आपली उंची संध्याकाळपेक्षां एक ते दोन सेंटीमीटर अधिक भरते, आणि फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताणहि अधिक पडतो. १९९८ सालीं अमेरिकेंत झालेल्या परीक्षेंत, उठल्यानंतरच्या पहिल्या कांहीं तासांत वाकणें टाळणाऱ्यांचे दुखण्याचे दिवस कमी झाल्याचें आढळलें. ज्यांची कंबर एकदां धरली आहे त्यांनीं पहांटेची धार व शेणघाण आरंभीं दुसऱ्याकडे सोंपवावी, आणि आपण वाकण्याचें काम ऊन वर आल्यावर करावें. विडी-सिगारेटनें गादीचें आधींच तुटपुंजें पोषण आणखी घटतें, म्हणून तीहि सोडावी. तथापि सारा दोष ओझ्यावर टाकणें न्यायाचें नाहीं. १९९५ सालीं फिनलंडमधील ११५ एकसारख्या जुळ्या जोड्यांच्या गाद्या तपासल्या, तेव्हां गाद्यांच्या झिजेंत धंद्यापेक्षां आनुवंशिकतेचा वांटा पुष्कळ मोठा दिसला. एका भावाची कंबर धरावी आणि त्याच वावरांत राबणाऱ्या शेजाऱ्याची धरूं नये, ह्याचें कारण बहुधा हेंच.

असो. कमरेची कळ पायांत उतरली म्हणजे शेतकऱ्यानें प्रथम वरील चार लक्षणें आहेत कीं नाहींत तें पाहावें. तीं असतील तर पैशाचा, हंगामाचा किंवा भीतीचा विचार न करतां तत्काळ रुग्णालय गांठावें. तीं नसतील तर डॉक्टरांकडून एकदां नीट तपासून घ्यावें, चालतेंफिरतें राहावें, जड काम घरच्यांस वांटून द्यावें, आणि निदान सहा आठवडे शरीरास त्याचें काम करूं द्यावें. पेरलेलें बीं उगवलें कीं नाहीं हें रोज माती उकरून पाहणारा मनुष्य पीक घेऊं शकत नाहीं. ह्या दुखण्यांतहि बहुतेकांस शरीराची दुरुस्ती दिसण्याच्या आधींच सुरू झालेली असते.